तारोडीचं उलटं छप्पर

चौथीनंतर वही धरली नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही ओळ सोडून पळतंय, माफी असावी. वाचणारी तशी मीच आहे.

वादळानंतर आमच्या गोडदेवच्या चाळीतला विजय कॉलेजची पंधरा मुलं घेऊन समुद्रकाठच्या तारोडीला पडलेली घरं उभी करायला निघाला. स्वयंपाकाला मला नेलं. नवरा-मुलांशिवाय चार दिवस कुठे जायची माझी ही पहिलीच खेप. भाईंदर स्टेशनवरून बस सुटली तेव्हा सगळी पातेली माझ्या मांडीवर आणि मुलांच्या कानांत वॉकमन.

तारोडीत माड आडवे झाले होते. वलांड्या (बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव) मोडून पडल्या होत्या. विहिरीचं पाणी गढूळ, तरी मुलांना रोज आंघोळ हवी, म्हणून गावच्या बायका लांबून हंडे आणत. कोण कुणाला मदत करतंय, मला कळेना. सुक्या बोंबलाचं कालवण केलं तर वास येतो म्हणून अर्ध्यांनी नुसता भात खाल्ला.

आमच्या वाट्याला पास्कीन आजीचं घर आलं. भिंती शाबूत, कौलं सगळी खाली. आजी शेजाऱ्यांच्या ओट्यावर झोपायची. तिची लेक बाळंतपणाला यायची होती. "तिला काय ओट्यावर निजवू?" एवढंच ती दिवसभर म्हणे.

दोन दिवस वासे आणि रिपा ठोकण्यात गेले. तिसऱ्या दिवशी कौलं चढवायची होती.

"वरून सुरू करू रे," विजय म्हणाला. "कठीण काम आधी."

रत्नागिरीला वडील दर वर्षी घर शाकारायचे, मी हाताखाली कौलं द्यायची. कौलं खालून वर लावतात, वरचं खालच्यावर चढतं. ही मुलं वरून खाली येत होती आणि खालचं कौल वरच्यावर चढवत होती. सगळं पाणी घरात!

मला चारचौघांत तोंड उघडता येत नाही. आजीला हळूच विचारलं, "दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय गो. नको बोलू. घर सोडून आलीत पोरं. गेली की आमीच परत लावू."

तेवढ्यात घरातून विजय ओरडला, "काकू, चहा टाका! उद्या सिमेंट लावून एकदम पक्कं करून टाकतो!"

आजीचा चेहरा उतरला. सिमेंट बसलं की कौलं फोडूनच काढायची. नवी कुठून येणार?

मी चहा टाकलाच नाही. तांदूळ धुतलेलं पाणी कळशीत घेतलं, पदर खोचला, शिडी चढले आणि छपरावर ओतलं. आत विजय सामानाची यादी करत बसला होता. भिजलेल्या वहीसकट बाहेर आला.

"काकू! हे काय?"

"पाऊस," मी म्हटलं.

आजी फिस्सकन हसली. वरचा एक मुलगा ओरडला, "लीडर, हे छप्पर आहे की चाळण?"

"काकू, आधी का नाही सांगितलंत?"

"चहाशिवाय काही विचारलंत का मला?"

माझा आवाज मलाच मोठा वाटला.

सगळी कौलं उतरवली. चौथ्या दिवशी दिवसभर मी शिडीखाली उभी. "काकू, हे बरोबर?" "काकू, हे बसत नाहीये!" प्रत्येक कौलाला हाक. तिकडे आमटी करपली, तर नाकं मुरडायला पुन्हा हीच मंडळी. ऊन उतरताना शेवटचं कौल बसलं. आजी आत गेली आणि लेकीची खाट कुठे मांडायची ते पावलांनी मोजू लागली. आम्हाला निरोप द्यायलाही बाहेर आली नाही.

घरी पोचले तर नवऱ्याने विचारलं, "समुद्र कसा होता गं?"

चार दिवस तो माझ्या पाठीमागे गर्जत होता. चूल आणि हाका सांभाळताना मी एकदाही मान वळवली नव्हती. त्या मुलांचा पुन्हा राग आला.

"छप्पर बघितलं," मी म्हटलं. "आता गळणार नाही."