घुबडाशेजारची तिरपी रेघ

त्या माणसाची जिरवायची, हे मी वर्षभर मनात धरून होते, आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही.

मी पारनेरला शाळेत विज्ञान शिकवते. आकाश बघणाऱ्यांचं आमचं एक छोटं मंडळ आहे. थंडी सरली की गावाबाहेरच्या माळावर आम्ही दुर्बीण लावतो. ती हातानं सरकवायची. लक्ष्य सापडलं तरी पृथ्वी फिरत असते, त्यामुळे ते भिंगातून निसटत राहतं आणि कुणाला तरी दुर्बिणीला सारखे हलके धक्के द्यावे लागतात. शोधायला खाली वाकावं लागतं, आणि मंडळाच्या प्रमुख सरांची मान काही वाकत नाही. म्हणून शोधायचं मी, धक्के द्यायचे मी, आणि लोकांना समजावून सांगायचं सरांनी. शाबासकीही अर्थात त्यांनाच.

गेल्या वर्षी सप्तर्षीतल्या पुलह ताऱ्याजवळचा घुबड तेजोमेघ लावला होता. मरणाऱ्या ताऱ्यानं बाहेर टाकलेला वायू तो. दिसतो म्हणजे काय, आरशावर तोंडाची वाफ सोडली की उठतो तसा फिकट गोल डाग. त्यात घुबडाचे दोन काळे डोळे असतात, पण ते दिसायला आकाशही चांगलं लागतं आणि नशीबही. त्या दिवशी रुंद दृश्य देणारं भिंग होतं. अंधुक गोष्ट टिपायला ठेवतात तशी नजर जरा तिरकी ठेवली आणि डागाच्या बाजूला मला एक लांबट, तिरपी रेघ दिसली. घुबडाशेजारची, आपल्याला कडेनं दिसणारी सर्पिल दीर्घिका! अहो, मी ओरडलेच आनंदानं.

सर पाहुण्यांदेखत म्हणाले, "बाई, ती आपल्या दुर्बिणीतून दिसत नसते. पुस्तकातलं चित्र येतंय तुमच्या डोळ्यांपुढं. जरा चहाचं बघता का?"

सगळे हसले. मी गेले चहाचं बघायला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पुढं वर्षभर प्रत्येक बैठकीत 'बाईंची रेघ' निघायची आणि हशा व्हायचा.

यंदा दहावीच्या मुली आल्या होत्या. घुबडाचे डोळे दिसावेत म्हणून सरांनी मोठं दाखवणारं भिंग लावायला सांगितलं. त्यातून एका वेळी एकच गोष्ट दिसते, दोन्ही मावत नाहीत. मी वाकले, घुबड शोधलं, आणि मग दुर्बिणीला जरासा धक्का दिला. घुबड गेलं, रेघ आली.

"लावलंय सर."

सरांनी डोळा लावला. मला वाटलं होतं, निदान अडखळतील तरी. छे! "आहाहा! कसं गोल गरगरीत आहे! आणि ते दोन डोळे बघा, अगदी टक लावून बसलेत!"

पहिली मुलगी पुढं आली. बराच वेळ बघून म्हणाली, "गोल कुठंय सर? तिरपी रेघ हाय की."

"नीट बघ गं."

दुसरी म्हणाली, "व्हय सर, रेघच हाय."

"अगदी बरोबर बघताय पोरींनो," मी मोठ्यानं म्हणाले. "ती दीर्घिका आहे. आपल्या दुर्बिणीतून न दिसणारी!" काय गोड लागले ते शब्द! एकेक जिभेवर घोळवून म्हटला.

पण हसलं कुणीच नाही. सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आता घुबड लावा." मी लावलं. त्यांनी एक डोळा लावून पाहिला, मग दुसरा. मग उभे राहिले आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं बोलले, "काही दिसत नाही हो बाई. मोतीबिंदू आहे. गेल्या वर्षीही नव्हतंच दिसत. सांगितलं असतं तर दुर्बिणीजवळ उभं कुणी केलं असतं मला?"

दया आली मला, खोटं कशाला बोलू? पण पुढच्याच क्षणी दुप्पट संताप आला. यांना स्वतःला काही दिसतच नव्हतं, आणि त्याच डोळ्यांच्या जोरावर यांनी मला चारचौघांत खोटं पाडलं होतं.

"सर, बाजूला व्हा," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तुम्हाला दिसत नाही ना? मग बघू द्या पोरींना."