पाच मीटरची शिडी

मिस बसीमांनी तांता शहरातल्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर घरी शिकवणी चालवली. यंदा त्यांच्याकडे एकही मुलगी आली नाही. सगळ्या नशवाकडे गेल्या. नशवा त्यांचीच जुनी विद्यार्थिनी; आता तिच्या वर्गाला लग्नाचा हॉल लागतो आणि स्टेशन रस्त्यावर तिचा भला मोठा फोटो झळकतो. तो दिसू नये म्हणून बसीमा लांबच्या गल्लीतून भाजीला जायच्या.

"माझ्या हाताखाली शिकली ती! अक्षर तर नुसते कोंबडीचे पाय," त्या नवऱ्याला ऐकवत.

"मग एकदा जाऊन बघ तरी," फिक्री पावाचा तुकडा शिजवलेल्या घेवड्यात बुडवत म्हणाला. "रोज माझं डोकं कशाला खातेस?"

बसीमा गेल्या. चुका काढायलाच गेल्या, हे कबूल करायला हवं. डोक्याचा रुमाल कपाळावर ओढून त्या शेवटच्या रांगेत बसल्या.

नशवानं फळ्यावर एक भिंत काढली आणि तिला पाच मीटरची शिडी टेकवली. शिडीचा पाय सेकंदाला एक मीटर सरकतोय. तो भिंतीपासून तीन मीटरवर असताना वरचं टोक किती वेगानं खाली येत असेल? तीनशे मुली माना खाली घालून लिहीत होत्या. बसीमांच्या वर्गात चाळीसच्या वर मुली कधी नव्हत्याच.

तेवढ्यात नशवानं समीकरणात अंतराच्या जागी तीन लिहून टाकला आणि मग विकलन केलं, म्हणजे बदलाचा वेग काढला. उत्तर आलं शून्य.

बसीमांना काय आनंद झाला म्हणून सांगू! हे गुपचूप घरी नेऊन नवऱ्याला सांगायचं, असं त्यांनी ठरवलंही. पण एकतीस वर्षांची सवय. त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"पूस ते! तीन आत्ताच घातलास तर शिडी हलेल कशी गं? आधी हलू दे तिला, मग विचार कुठं पोचली!"

सगळा हॉल वळून बघू लागला. नशवा हसत खाली आली आणि पिशवीतून तिळाची वडी काढून तिनं बसीमांच्या हातावर ठेवली.

"मुलींनो, ही चूक मी दर वर्षी मुद्दाम करते. पहिली पकडेल तिला वडी. युक्ती माझी नाही, या मिस बसीमांची. आम्ही चाळीसजणींनी तेव्हा मुकाट्यानं शून्य उतरवून घेतलं होतं."

"मग वडी कुणाला मिळाली?" बसीमांना काहीच आठवत नव्हतं.

"कुणालाच नाही, मिस. तुम्हीच खाल्लीत."

हॉल हसला, टाळ्या पडल्या. बसीमांना रडू येत होतं आणि नशवाचा रागही. आपली युक्ती दर वर्षी एवढ्या मुलींपुढे गाजत होती, आणि आपण घरात जळत बसलो होतो.

"काय, सापडली का चूक?" घरी फिक्रीनं विचारलं.

"सापडली." त्यांनी अर्धी वडी त्याच्या हातावर ठेवली. "माझीच निघाली. पण अक्षर अजून तसंच आहे मेलीचं!"