डेकखालची बाळंतीण

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आमची नात माइकसमोर उभी राहून म्हणाली, "मी आईच्या पोटात होते तेव्हा आजोबा मला रोज पाढे म्हणून दाखवायचे. म्हणून माझं मॅथ चांगलं आहे." टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

ते पाढे तिच्यासाठी नव्हते.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे अमेरिकेत शॉमबर्गला आलो, तेव्हा तिच्या घरामागच्या लाकडी डेकखाली एका स्कंकने बीळ केले होते. मांजराएवढी, काळीभोर, पाठीवर दोन पांढरे पट्टे. संध्याकाळी उजेड पातळ दुधासारखा झाला की ती गवतावर येई, किडे उकरी, आणि तिच्यामागे तरंगत आल्यासारखी तिची पिल्ले. जावई म्हणाला, "बाबा, जवळ जाऊ नका हं. तिने शेपटीखालून स्प्रे मारला तर त्या घाण वासाने महिनाभर घरात बसवणार नाही."

माझी बायको म्हणाली, "बाळंतीण आहे हो ती. राहू द्या की."

मला पटले नाही. घरात तान्हे मूल येणार होते. दिवसा माणसाचा आवाज जवळ सतत येत राहिला की ही आई पिल्लांना दुसरीकडे हलवते, असे मी कुठेतरी वाचले होते. म्हणून दुपारी डेकच्या पायरीवर जाऊन बसलो. पण बोलायचे काय? मी आयुष्यभर कमीच बोललो. पाठ होते ते फक्त पाढे. शाळेतल्यासारखा हेल काढून म्हणू लागलो. तिसापर्यंत झाले की पावकी, निमकी, औटकी. ऊन पेंगत असे, शेजारच्या हिरवळीवर पाण्याचा फवारा गोल फिरत असे, आणि माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लांबून ऐकू येई.

वरच्या खोलीत लेक पडलेली असायची. एक दिवस ती खाली आली. डोळे भरलेले.

"बाबा, मी लहान असताना तू कधी माझ्याजवळ बसला नाहीस. बाळासाठी मात्र बसतोस."

"गर्भसंस्कार चाललेत हो!" बायको आतून म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद मी फार वर्षांनी ऐकत होतो. मी स्कंकचे नावही काढले नाही. तिथेच चुकलो.

पुढे एका संध्याकाळी स्कंकने घर सोडले. एकेक पिल्लू मानेला धरून ती कुंपणापलीकडे नेत होती आणि परत येत होती. स्वयंपाकघरात माझ्या लेकीसाठी डिंकाचे लाडू वळले जात होते. आणि या आईला मी हाकलले होते.

दुसऱ्या दुपारी मी बाहेर गेलो नाही. वर लेकीने खिडकी उघडली.

"बाबा, आज नाही?"

मी पायरीवर जाऊन बसलो.

बायको आता नाही. कार्यक्रमाहून परतल्यावर त्याच पायरीवर लेकीला सगळे सांगितले.

"म्हणजे मी ऐकायचे ते स्कंकसाठी होतं?"

"हो."

"आणि ती गेल्यावर? तू तर मी हॉस्पिटलला जाईपर्यंत म्हणत होतास."

"तू खिडकी उघडलीस म्हणून."

ती हसली नाही, रागावलीही नाही. माझ्या शेजारी येऊन बसली.

"एकोणतीसचा म्हण."

मी सुरू केला आणि मधेच अडलो. हा पाढा मला कधीच अडला नव्हता. पुढचा आकडा तिलाही येत नव्हता. ती तशीच बसून राहिली, मला आठवेपर्यंत.