बोहनीची नोट

माझा धाकटा भाऊ जहाजावर आचारी होता. त्याच जहाजाच्या भटारखान्यात काम करणाऱ्या एका फिलिपिनो मुलीशी त्याने लग्न केलं आणि आम्हाला फोटो पाठवून कळवलं. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे महिनाभर सगळ्यांना हा एकच विषय पुरला. आमचं घराणं पेशव्यांच्या वेळी इकडे कारकुनी करायला आलं आणि पुढच्या पिढ्याही दफ्तरंच सांभाळत राहिल्या. जहाजावर रांधणारा मुलगा हीच आधी आमच्याकडे नाचक्की होती. त्यात ही सून आली.

काही वर्षांनी भाऊ आजारी होऊन झाशीच्या नगरा भागातल्या आमच्या घरी परतला, तेव्हा सोबत बायको आणि लहानगी मुलगी होती. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. ग्वाल्हेर झालं, दिल्ली झालं, आणि ऐन थंडीत तो गेला. त्याची पुंजी आजारपणात संपली होती, माझीही संपली होती. मी लग्न केलेलं नव्हतं, एका खासगी शाळेत मराठी सोडून सगळं शिकवत होते, आणि त्या शाळेचा पगार कधी यायचा, कधी नुसता येणार असायचा.

भावजयीला हाँगकाँगच्या एका घरात मुलं सांभाळायचं काम मिळत होतं. एजंटाचे फोन यायचे. मुलीला नेता येणार नव्हतं. या कामाचं नाव निघालं की भावजयीचा चेहरा दगडासारखा व्हायचा, कारण ती स्वतः पाच वर्षांची असताना तिची आई अशीच लोकांची मुलं सांभाळायला परदेशी गेली होती. वर्षातून एकदा आईकडून मोठा खोका यायचा. त्यात साबण, चॉकलेटं, डबाबंद मटण असायचं. खोका उघडला की तो साबणाचा वास म्हणजेच आई, असं तिला मोठी होईपर्यंत वाटत होतं. हे तिने मला तिच्या मोडक्या हिंदीत सांगितलं आणि वर म्हणाली, "आते, मैं नहीं जाएगी. मैं इधर दुकान करेगी."

तिच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. आमच्यात आते म्हणजे बापाची बहीण. तेव्हा भावजय मला आते म्हणे, तिची मुलगी आत्या म्हणे, आणि आमचे नातेवाईक गालातल्या गालात हसत. मला त्या दिवसांत कशाचंच हसू येत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की हिचं दुकान चाललं नाही, तर या पोरीची आईही जाणार आहे.

दुकान म्हणजे काय, तर आमच्या पुढच्या खोलीची खिडकी. तिच्या गावात म्हणे घराघरांच्या खिडक्यांतूनच धंदे उभे राहिले. कणीक तिंबता तिंबता ती मला गोष्टी सांगायची. एका विधवेचं छप्पर वादळात उडालं, तर तिने उघड्या भिंतीआड भट्टी पेटवून पाव विकले, आज तिची तीन मजली बेकरी आहे. एक जण हातगाडीवर माशांचे गोळे तळायचा, आता त्याच्या गाड्या शेजारच्या शहरांत फिरतात. एकीने शाम्पूची पुडी, एक वाटी तेल, दोन सिगारेटी असं सुटं विकून चार मुलांना शिकवलं. सगळ्या गोष्टींत आधी वादळ, मग कढई, मग इमारत. मधली वर्षं कुठे जातात, हे मी एकदा वैतागून विचारलं. ती म्हणाली, मधे सुकी असते.

मला वाटलं सुकी भाजी मागतेय. पण सुकी म्हणजे त्यांच्याकडे बांधलेलं गिऱ्हाईक. रोज तुमच्याचकडे येणारं. दुसरीकडे स्वस्त मिळालं तरी न जाणारं, त्याच्यासाठी तुम्ही ताजा माल बाजूला ठेवायचा, तुमच्या वाईट दिवसांत त्याने तुम्हाला सांभाळायचं. माल कुणीही बनवतं, आते, पण सुकी बनवावी लागते, असं तिचं म्हणणं. तिची एवढी एकच विद्या होती.

ती तुरोन बनवायची. केळ्याची लांब फोड पातळ पोळीत गुंडाळायची, साखर घालून तळायची, वर साखरेचं तांबूस कवच चढायचं. मी खाल्लं आणि दुसरं उचललं, कारण ते फार चांगलं होतं. पण गल्ली खाईना. चायनीज आहे म्हणाले. पोळीत अंडं असणार म्हणाले. ती खिडकीत उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला "भैयाजी, गरम" म्हणायची, आणि भैयाजी सायकल जोरात मारायचे. उन्हाळा असा गेला. पावसाळा असा गेला. उरलेलं तुरोन आम्ही तिघी रात्रीच्या जेवणाला खायचो, आणि पोर बिचारी आवडीने खायची. मला मात्र तो गोड घास गिळवेनासा झाला होता.

एजंटाने शेवटचं सांगितलं. दसऱ्यापर्यंत हो म्हणा, नाहीतर दुसरी बाई तयार आहे.

नवरात्राची कल्पना मला सुचली. अख्खी गल्ली उपास करते आणि तेच बटाटे, तेच मखाणे खाऊन चौथ्या दिवशी कंटाळते. केळं चालतं, साखर चालते. अडत होती ती फक्त मैद्याची पोळी. भावजयीने शिंगाड्याच्या पिठात उकडलेला बटाटा मळून पाहिला. पहिली पोळी फाटली, दुसरी तेलात विरघळली. आमच्याकडे मऊरानीपूरहून शिंगाड्याचं चांगलं पीठ घेऊन येणारी एक ओळखीची बाई होती, तिचं बारीक दळलेलं पीठ आणलं तेव्हा कुठे पोळी टिकली. कढई नवी घेतली, कारण जुनीत मैदा तळलेला होता. अंगणात तुळशीपाशी चूल मांडली म्हणजे सगळ्यांना दिसेल. मी स्वतः अंघोळ करून शेजारी बसले, म्हणजे तेही दिसेल.

पहिल्या दिवशी समोरच्या बाई आल्या. त्यांनी एक घेतलं, घरी गेल्या आणि चार न्यायला परत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन जावा आल्या. तिसऱ्या दिवशी बडा बाजारातल्या एका कापड दुकानातून निरोप आला की मालकिणीच्या उपासाला तुरोन पाठवा. भावजय समोरच्या बाईंसाठी कडेची कुरकुरीत चार बाजूला काढून ठेवायची आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणायची, "सुकी." मी इतकी आशा माझ्या आयुष्यात कधी केली नव्हती, आणि आशेने मला नुसती भीती वाटत होती. शाळेत फळ्यावर लिहिताना हात थांबायचा. पोरीच्या वेण्या घालताना मी मनातल्या मनात देवीला धमक्या द्यायची.

पंचमीला गर्दी सकाळीच झाली. खिडकी अपुरी पडेल म्हणून आम्ही परात बाहेर चबुतऱ्यावर आणली. पहिली नोट समोरच्या बाईंनीच दिली. भावजयीने ती दोन्ही हातांनी घेतली, आणि हसत हसत परातीतल्या एकेका तुरोनला टेकवत गेली. टप, टप, टप. एकही सोडलं नाही.

त्यांच्या देशात दिवसाच्या पहिल्या कमाईची नोट अशी सगळ्या मालाला लावतात. मग उरलेला मालही खपतो म्हणे. रोज ती खिडकीच्या आत हेच करत होती, फक्त कुणाला दिसत नव्हतं. आणि बडा बाजारात केळीवाल्याने पहिली नोट कपाळाला लावून टोपलीला टेकवली होती ते पाहून तिला कोण आनंद झाला होता. घरी येऊन मला म्हणाली होती, "बोहनी! आते, सेम-सेम." हो, सेमच. पण केळ्याला साल असते, आणि हे शिजवलेलं होतं, उपासाचं होतं. हा फरक आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो, म्हणून तो कुणाला सांगावा लागतो हेच आपल्याला ठाऊक नसतं.

समोरच्या बाई एक पाऊल मागे सरल्या. "काय, जो का कर दओ? व्रत को सामान है, नोट काय छुआ दओ?"

भावजयीला बुंदेली कळली नाही. तिला वाटलं बाई कौतुकाने विचारतायत. ती म्हणाली, "बोहनी, दीदी. लकी." आणि त्याच नोटेच्या हाताने कडेची चार तुरोनं उचलून त्यांच्यापुढे धरली.

कुणी भांडलं नाही. कुणी भांडलं असतं तर मीही भांडले असते, मला ते चांगलं जमतं. बायका एकेक करून पदर सावरत निघून गेल्या. ती नोट किती हातांतून आली असेल, खाटकाच्या, कुणाकुणाच्या, आणि ती देवीच्या उपासाच्या अन्नाला लागली होती. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं म्हणणं पटलंही, त्यामुळे तो राग काढायला जागाच उरली नाही. भावजय अजून चार तुरोनं हातात धरून उभी होती. मी तिला सांगितलं काय झालं ते. तिने परातीकडे पाहिलं आणि विचारलं, "लेकिन बोहनी तो इधर भी है?"

दुपारपर्यंत नोटेची गोष्ट गल्लीच्या टोकाला पोचली. संध्याकाळपर्यंत तिच्यात अंडं मिसळलं गेलं. मी समोरच्या बाईंकडे जाऊन बसले, हात जोडले, सांगितलं की दुसरी परात नव्याने करतो, पैसे मी घेईन, ती नोटेला हात लावणार नाही. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "बहनजी, हम तो समझत हैं, पर घर में सास नईं मानत." आम्ही षष्ठीला तळलं, सप्तमीला तळलं, परात भरलेलीच राहिली. अष्टमीला मी म्हटलं, पुरे. तिने ऐकलं नाही, ती नवमीलाही पहाटे उठून चुलीपाशी बसली. ती कढईत एकेक तुरोन सोडत होती आणि मला ते पाहवत नव्हतं. मी आत जाऊन भिंतीला टेकून रडले. भाऊ गेला तेव्हाही मी अशी रडले नव्हते, कारण तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि इथे सगळं करून झालं होतं.

दसऱ्याला तिने फोन केला.

निघायच्या दिवशी भावजय मुलगी शाळेतून यायची वाट पाहत थांबली. तिची स्वतःची आई ती झोपेत असताना निघून गेली होती, म्हणून लपून जाणार नाही म्हणाली. पोरीने दप्तर काढलं, बॅग पाहिली आणि विचारलं, "कल आओगी?" भावजयीने तिला सगळं सांगितलं, खरंखुरं, दोन वर्षं, फोन करीन, वगैरे. पोरीने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. रिक्षा वळेपर्यंत भावजय मागे बघत होती. पोर माझ्या साडीला धरून उभी होती, आणि साडी तिने झोपेपर्यंत सोडली नाही.

दोनाची चार वर्षं झाली. मग तिने ते घर सोडून दुसरं धरलं आणि एका मैत्रिणीबरोबर तिथेच सुट्टीच्या दिवशी तुरोन विकायला सुरुवात केली. तिच्याच देशाच्या मोलकरणी तिच्या सुकी झाल्या. पुढे ती आपल्या गावी परतली, खिडकी उघडली, मग दुकान, मग दुसरं, मग शेजारच्या शहरात तिसरं. गहू न चालणाऱ्यांसाठी कंदपिठाची पोळी काढली, तीच जास्त खपते म्हणाली. ती आता इतर बायकांना धंदा कसा करावा यावर भाषणं देते. इकडे आमच्या गल्लीला तिचा मोठा अभिमान आहे. समोरच्या बाई पाहुण्यांना आमची खिडकी दाखवतात आणि म्हणतात, यहीं से शुरू करो हतो, म्हणजे तिने इथूनच सुरुवात केली होती. या सगळ्या वर्षांत दरमहा पैसे येत होते, मुलगी चांगल्या शाळेत जात होती, पण तिचं येणं लांबत होतं, कारण मधे मधे व्हिसा अडत होता, कधी दुकान अडत होतं, कधी तिची आई आजारी होती.

ती आली तेव्हा मुलगी तिच्या खांद्यापर्यंत पोचली होती. भावजयीने छान कपडे घातले होते, केस कापले होते, पण हातांवर तेलाचे डाग तसेच होते. ती खास मराठी शिकून आली होती. मुलीशी मुलीच्या घरच्या भाषेत बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. दारातच उभी राहून पाठ केलेलं वाक्य ती सावकाश म्हणाली, "तू कशी आहेस, बाळा?"

मुलीने वाकून नमस्कार केला. "मी बरी आहे. तुम्ही कशा आहात? तुम्ही बसा ना."

भावजयीचे डोळे भरून आले. ती माझ्याकडे वळली. "आते, सुना? तुम्ही बोली. मेरा टीचर बोला, तुम्ही मतलब रिस्पेक्ट. कितना अच्छा सिखाया तुमने."

आमच्या घरात बापाला तुम्ही म्हणतात, सासऱ्याला म्हणतात, दारी आलेल्या परक्याला म्हणतात. आईला कुणी म्हणत नाही. आईला अगं म्हणतात, तू म्हणतात, तिच्यावर चिडतात. हे मी तिला सांगितलं नाही. मी तिची बॅग उचलून आत ठेवली.

आतून मुलीने मला हाक मारली, "अगं आत्या, चहा तू टाकतेस की मी टाकू?"