विमल सिस्टर आणि अकराची सुनावणी

शिकणारी बाई गाडीवरून पडली की विमल सिस्टर तिला उचलायला धावत नसत. आहे तिथेच कमरेवर हात ठेवून विचारत, "गाडीले लागलं काय वं?" पडलेली आधी चिडे, मग हसे आणि हसता हसता स्वतःच उठून गाडी उभी करी. गुडघा खरचटला असेल तर सिस्टर पिशवीतून कापूस काढत, पण ती उठल्यावर. पडल्या जागी कापूस नाही, हा त्यांचा नियम होता.

हे सगळं मी बागेतल्या बाकावर बसून पाहत असे. आमचं वाशीम जिल्ह्यातलं छोटंसं शहर, आणि त्यात पाय मोकळे करायला ही एकच बाग. कुंपणाच्या आतून तिला एक गोल डांबरी रस्ता आहे. तिथे ट्रक येत नाही, ट्रॅक्टर येत नाही. मी शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई. रोज सकाळी चार फेऱ्या मारायच्या आणि बसायचं, एवढाच माझा कार्यक्रम. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. मेडशीकडच्या खेड्यांमधून तीस वर्षं लुनावर लशींचा डबा बांधून हिंडलेल्या. नोकरी संपली तशी त्यांनी या रस्त्यावर बायकांना स्कूटी शिकवायला सुरुवात केली. फी नाही की पाटी नाही. सहाच्या ठोक्याला फाटकाशी उभ्या.

शिकवण्याची तऱ्हाही त्यांचीच. पहिले तीन दिवस गाडी सुरूच करायची नाही. बंद गाडी हातानं ढकलत बागेला पूर्ण फेरी मारायची. कोणी कुरकुर केली की म्हणत, "आधी तू गाडीले फिरव, मंग गाडी तुले फिरवीन." चाळिशीच्या, पन्नाशीच्या बायका घामाघूम होऊन गाड्या ढकलत आणि वर सिस्टरांचं कौतुक करत. मी बत्तीस वर्षं या गावाला मराठी शिकवलं. माझे विद्यार्थी रस्त्यात नमस्कार करतात आणि घाईनं पुढे निघून जातात. सिस्टरांभोवती मात्र बायका घुटमळत राहायच्या.

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे लिहायला इतकी वर्षं लागली, पण आता लिहून टाकते. माझी सून स्नेहलही त्यांच्याकडे शिकली आणि मंगरूळपीरच्या नोकरीला स्वतःच्या गाडीवरून जाऊ लागली. चांगलीच गोष्ट झाली. पण मग घरात उठता बसता 'सिस्टर म्हणतात' सुरू झालं. वरणाला फोडणी कशी द्यावी हेसुद्धा सिस्टर म्हणत असाव्यात, असं मला वाटू लागलं. एकदा सिस्टर माझ्या बाकापाशी येऊन म्हणाल्या, "बाई, तुमी काहून बसत नाई गाडीवर? आठ दिवसांत शिकसान."

"मला कुठे जायचंय या वयात?" मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसू मला दिवसभर टोचत राहिलं.

अशात जिल्ह्यातल्या काही हौशी तरुणांनी बागेत मोटारींची शर्यत भरवायची टूम काढली. गोल रस्ता आयता होताच. तो रुंद करायचा, कडेला कठडे बसवायचे आणि दरवर्षी शर्यत घ्यायची. गावात दोन तट पडले. हॉटेलवाले आणि दुकानदार म्हणू लागले, पोहरादेवीला यात्रेत गर्दी होते तशी आपल्याकडेही होईल, गावाचं नाव होईल. सकाळी फिरायला येणारे म्हणाले, बाग माणसांसाठी आहे की मोटारींसाठी? मोबाइलवरच्या गटांत लोक एकमेकांचे बापजादे काढू लागले. विरोध करणाऱ्यांची एक मंडळी जमली आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. आता तरी गाव माझं ऐकेल, असं वाटलं.

वाचनालयाच्या सभागृहात जाहीर चर्चा ठेवली होती. पहिलं भाषण माझं. झाडं, पाखरं, धूर, नागरिकांचे हक्क, सगळं मुद्देसूद मांडलं. वीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या, सभेत पडतात तशा. मग शर्यतवाल्यांचा एक पुढारी उठून म्हणाला, "सिस्टर, तुमी तं गाडीवाल्या. तुमी तरी आमच्याकडून बोला."

सिस्टर मागच्या रांगेत होत्या. बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "बापू, मले गाडी तुह्यापेक्षा जास्त आवडते. पण तुह्या शर्यतीत पयला कोण आला, हे लोकं आठ दिवसांत भुलतीन. इथं शिकलेल्या बाया रोज कुठी ना कुठी पोचून राह्यल्या. कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत, कोणी मायच्या घरी. तुह्या शर्यतीले रस्ते लय हायेत. याईले हा एकच हाय."

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. कोणीतरी त्याचं चित्रण केलं आणि ते रात्रीपर्यंत गावभर फिरलं. माझी वीस मिनिटं कोणीच टिपली नव्हती. स्नेहलनं ते घरी तीनदा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

निर्णय बाग समितीकडे होता. समितीनं गुरुवारी दुपारी चार वाजता सुनावणी ठेवली. सिस्टरांनी ठरवलं होतं, वीस बायका वीस गाड्यांवरून समितीच्या कचेरीवर जातील. घोषणा नाहीत, काही नाही. नुसत्या रांगेत गाड्या लावतील आणि आत जाऊन एकेक वाक्य बोलतील. शाहीन नावाची बांगड्यांच्या दुकानातली एक सून तेव्हा नुकतीच गाडी ढकलण्यातून सुटली होती. तीसुद्धा एका गाडीवर मागे बसून येणार होती. आरशासमोर वाक्य पाठ करते म्हणून बाकीच्या तिला चिडवायच्या.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मला कचेरीतून फोन आला. साहेबांना दुपारी वाशीमला जायचंय, सुनावणी अकराला होईल, सगळ्यांना कळवा. मी फिरायला येणाऱ्या चार म्हाताऱ्यांना कळवलं. मग सिस्टरांचं नाव काढलं. फोन हातात होता, बोट नावावर होतं. मी फोन ओट्यावर ठेवला आणि डाळ धुवायला घेतली. विसरले, असं मी लिहू शकते. विसरले नव्हते. एकदा तरी त्या नसताना मला बोलायचं होतं. स्नेहल नऊला कामावर गेली, तिलाही काही बोलले नाही.

अकराला मी बोलले. त्यांच्या बायकांबद्दलही बोलले, अगदी कळवळून. चारही म्हातारे माना डोलावत होते. समितीच्या अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, ज्या बाया इथं शिकतात म्हणता, त्याईच्यातली एक तरी आली काय?"

मी मागे वळून दाराकडे पाहिलं. समोर शर्यतवाले पन्नास जण घेऊन बसले होते. अर्ध्या तासात शर्यतीला मंजुरी मिळाली.

चार वाजता माझ्या घरावरून वीस स्कूट्या रांगेनं गेल्या. सगळ्यात पुढे सिस्टर. अर्धी रजा काढून आलेली स्नेहल पाचवी. मी खिडकीच्या आड उभी होते. अर्ध्या तासानं त्याच गाड्या परत आल्या, या वेळी रांग नव्हती. सिस्टर माझ्या दाराशी थांबल्या.

"फोन कितीले आला होता, बाई?"

"साडेदहाला," मी म्हणाले. "धावपळीत कळवायचं राहून गेलं."

बायका फाटकाशी गोळा झाल्या होत्या, काही चिडलेल्या, शाहीन डोळे पुसत होती. सिस्टर त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "बाई एकल्या भांडल्या तिथं. त्याईले कोणी काई बोलाचं नाई." झालं, कोणी काही बोललं नाही. स्नेहलनं तर त्या संध्याकाळी मला चहा करून दिला.

शर्यत झाली. रस्त्याला कठडे बसले ते तसेच राहिले आणि गाड्या शिकायला बंदी आली. सिस्टर बायकांना घेऊन बाजार समितीच्या आवारात गेल्या, सुट्टीच्या दिवशी. पण ती उघडी जागा, पोत्यांवर पत्ते कुटत बसलेली माणसं. निम्म्या बायका गळाल्या. शाहीनच्या घरच्यांनी कुंपणातली बाग चालवून घेतली होती, बाजाराचं आवार नाही. अजूनही ती मला ऑटोची वाट पाहत उभी दिसते, कडेवर लेकरू घेऊन. मी दिसले की आदबीनं सलाम करते.

पुढच्या वर्षी सिस्टरांना किडनीचं दुखणं लागलं. आठवड्यातून दोनदा अकोल्याला न्यावं लागे. मी भेटायला गेले तेव्हा त्या खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलले आणि मग मला राहवेना.

"सिस्टर, त्या दिवशी फोन साडेदहाला नव्हता आला."

"आठले आला होता," त्या म्हणाल्या. मेथीवरची नजर हलली नाही. "कचेरीतल्या शिपायाच्या दोन्ही पोरी माह्या हातच्या हायेत. त्यानं त्याच दिवशी सांगतलं मले."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? बाग तं गेलीच होती. त्या बायाईनं तुमालेबी टाकून देल्लं असतं. स्नेहल तुमच्याच घरात राह्यते, बाई. तिनं मंग कोणाच्या बाजूनं राहाचं होतं?"

मी रडले. त्यांनी मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली, "घ्या, निवडा," म्हणाल्या. मी निवडू लागले.

मार्गशीर्षात त्या गेल्या. तेराव्याला मांडवाबाहेर इतक्या स्कूट्या उभ्या होत्या की पंगतीचं सामान आणणाऱ्या टेम्पोला वाट मिळेना. मी स्नेहलच्या मागे बसून गेले. येताना तिनं विचारलं, "आई, तुमचं आणि सिस्टरांचं फार होतं ना?" मी हो म्हणाले. खरं काय ते सिस्टरांनी तिला कधी सांगितलं नाही आणि मीही अजून सांगितलेलं नाही.

मी त्यांच्या जागी असते तर दुसऱ्याच दिवशी चौकात उभी राहून सांगितलं असतं, नाव घेऊन. हे मला पक्कं माहीत आहे. त्यांची गाडी, त्यांचं बोलणं, भोवतीच्या बायका, त्या सगळ्याचा हेवा कधीतरी ओसरला असता. पण माझं हे पाप पोटात ठेवून त्या माझ्याच सुनेपुढे माझी बाजू घेत राहिल्या, हे त्यांना जमलं आणि मला जन्मात जमलं नसतं. त्या गेल्या तरी मला त्यांचा हेवा वाटतो, आणि आता तो पूर्वीपेक्षा जास्त वाटतो.