बिनआवाजाचं गेम चॅनल

भिलाईच्या सेक्टर सहामध्ये एके काळी घरोघरी एक चॅनल दिसत असे. त्यावर ना बातम्या, ना सिनेमा. नुसते व्हिडिओ गेम. ते प्रेमानंदचं चॅनल. बाप देवीदास प्लांटात भट्टीवर आणि पोरगा केबलच्या कामात. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत त्यानं गेमची पेटी केबलच्या तारेला जोडली. संध्याकाळी पोरं रांग लावत. खेळणाऱ्याचं नाव पाटीवर खडूनं लिहायचं, पाटी कॅमेऱ्यापुढे धरायची आणि मग खेळ सुरू. अख्खा सेक्टर जेवता जेवता बघायचा.

चॅनलला आवाज मात्र नव्हता. नाईट शिफ्टला जाणारे बाप संध्याकाळी झोपलेले असत. टीव्हीचा आवाज मोठा झाला की पोराच्या पाठीत धपाटा ठरलेला. म्हणून प्रेमानंदनं आवाजाची तार जोडलीच नाही. गाड्या मुक्यानं पळत, मुक्यानं आदळत.

प्रेमानंदचा धाकटा भाऊ रोशन खेळायला बसला की लोक हातातला घास थांबवत. त्याची गाडी कडेची भिंत घासत, ठिणग्या उडवत जायची आणि तरी पहिली यायची. "देवीदासचा पोरगा गाडी चालवून राहिला का वेल्डिंग करून राहिला?" शेजारचे बाबाराव म्हणत.

मग सेट टॉप बॉक्स आले. त्यात मोठ्या कंपन्यांची शेकडो चॅनलं मावली, प्रेमानंदचं मावलं नाही. खांबांवरच्या तारा त्यानं स्वतःच्या हातानं उतरवल्या. बाप वारला, क्वार्टर सुटून बिऱ्हाड जवळच्या बोरसीला आलं, रोशन नोकरीसाठी पुण्याला गेला. चॅनलचं उरलं ते एवढंच: मधल्या खोलीतल्या गेमच्या पेटीपासून मायच्या खोलीतल्या टीव्हीला गेलेली एक तार.

माय गिरजाबाई आता माणसं विसरते, चॅनल विसरत नाही. संध्याकाळ झाली की ताट सरकवून म्हणते, "रोशनचा गेम झाला का मी जेवतो."

प्रेमानंद पाटीवर रोशनचं नाव लिहितो आणि स्वतः खेळतो.

"हा रोशन नोहे," माय म्हणते. "हा लय जपून चालवते."

त्यानं भिंत घासून पाहिली. गाडी अडकली, उलटली. ताट तसंच राहिलं. मायचे हात काडीसारखे झाले, तेव्हा त्यानं पुण्याला फोन लावला. "एक डाव येऊन खेळ, बापा. तुह्या हातचं पाहून माय जेवन."

"दादा, मले आता जमते का ते?" रोशन म्हणाला, पण आला.

मायच्या पाया पडला. तिनं अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं. मग तो मधल्या खोलीत बसला. पाटी दाखवली. गाडी सुटली आणि रस्त्याच्या मधोमध, कुठंही न घासता, सभ्यपणे चालली. रोशन ती पुन्हा पुन्हा भिंतीकडे वळवी आणि ऐन वेळी त्याचा अंगठा आपसूक मागे येई.

"दादा, हात भेते रे," तो म्हणाला.

आतून मायचा आवाज आला, "हाबी रोशन नोहे."

रोशननं आवाजाची तार हातात घेतली. "आवाज लावू का? ओळखन कदाचित."

"नोको," आतून माय म्हणाली. तिला खुडबूड ऐकू गेली असावी. "रोशनचे बाबू झोपले आहेत. नाईट आहे त्यायची."

रोशननं तार खाली ठेवली. पडद्यावर गाडी उभी होती. प्रेमानंद ताट उचलायला आत गेला, तर मायनं त्याचा हात धरला.

"पाटी पुसू नोको," ती म्हणाली. "उद्या येईन तो."