स्टेजवरचा खड्डा

आम्हाला माडीवरचं घर मिळालं म्हणून बाबांनी सगळ्या वस्तीत पेढे वाटले होते. विणकरानं माडीवर राहायचं, ही काय साधी गोष्ट होती? नागपूरच्या आमच्या जुन्या वस्तीत माडी एकट्या शेटजीची. आमची घरं मातीची, बुटकी, आणि घराघरात जमिनीत खड्डा खणून बसवलेला माग. विणणारा काठावर बसायचा, पाय खड्ड्यात सोडायचा आणि खालच्या पावड्या दाबत विणायचा. पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमारास वस्तीतून मोठा रस्ता काढायचं ठरलं आणि आम्हा विणकरांसाठी शहराबाहेर दुमजली कॉलनी बांधली गेली. घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. खालची घरं लागलेल्यांची तोंडं पडली, आणि आमचे बाबा छाती काढून फिरू लागले.

माग सुटा करून बैलबंडीवर लादून आणला. लाकडं आली, फणी आली, धोटे आले, देव आले. मायनं कमरेवर हात ठेवून सगळी खोली एकदा पाहून घेतली आणि विचारलं, "अन् खड्डा?"

बाबा खाली बघत राहिले. खाली सिमेंट होतं आणि सिमेंटच्या खाली दुसऱ्याचं घर.

हसू नका. जन्मभर ज्यात पाय सोडून बसायचं, तो खड्डा वेगळी वस्तू आहे असं माणसाच्या ध्यानातच येत नाही. शेजारीपाजारी, काका-मामा, कोणाच्याच आलं नाही. पण ज्या शिकलेल्या साहेबानं खास विणकरांसाठी म्हणून ही कॉलनी कागदावर काढली, त्याच्या तरी यावं की नाही? त्यानं नकाशात खोलीवर 'विणकाम कक्ष' असं लिहिलं आणि हात झटकले. खिडकी मात्र मोठी दिली होती. कशाला, तर उन्हाळ्यात नागपूरची सगळी लू घरात यावी म्हणून.

बाबांनी विटांचा ओटा रचून त्यावर माग चढवून पाहिला, तर वरचा दांडा छताला टेकला. खालच्या घरवाल्याला अदलाबदलीचं विचारलं. ज्याचं तोंड चिठ्ठीच्या दिवशी एवढंसं झालं होतं, त्यानं फरशी फोडून केव्हाच माग बसवला होता. तो पान चघळत म्हणाला की माडीचा मान तुमचा, आमची काय लायकी! माडीवरचे बाकीचे विणकर तोवर एकेक करून कोराडीच्या पॉवर हाउसवर कोळशाच्या कामाला लागले होते. त्यांच्या मागांची लाकडं चुलीत गेली. तेही येऊन बाबांना कोराडीला चला म्हणून सांगून गेले, पण बाबा हटले नाहीत. शेटजीनं साडीचा ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, विणायला दिला होता. लवकर माग बसला नाही तर तो ताणा परत जाणार आणि बाबा कोराडीला जाणार, हे घरात आम्हा पोरींनाही कळत होतं.

कॉलनीत एक समाजमंदिर होतं. मोठा हॉल, आणि एका टोकाला भाषणं ठोकायला ऐसपैस स्टेज. उद्घाटनाच्या दिवशी विणकरांच्या भवितव्यावर एवढी भाषणं झाली की विणकरांची पोरं तिथंच झोपली. त्यानंतर तिथं कोणी तोंड उघडलं नाही. बाया मिरच्या वाळू घालायच्या आणि दुपारी बकऱ्या स्टेजवर रवंथ करायच्या. माय एकदा मिरच्या उचलायला गेली, तर स्टेजच्या कोपऱ्यातून घुशीनं मुरमाचा ढीग उकरून बाहेर टाकलेला. म्हणजे स्टेज पोकळ नव्हतं, आतून मुरूम भरलेलं होतं. माय मिरच्या तशाच टाकून घरी आली.

"घुशीले जमते, तुमाले काहून नाही जमत?" असं तिनं बाबांना तोंडावर विचारलं.

कॉलनीतले म्हातारे बसले, सुपारी कातरली गेली, आणि ठरलं की भाषणं करणारे बाहेरून येतात पण स्टेज आपलं आहे. बाबांनी स्टेजच्या मधोमध फरशी उचकली, मुरूम उपसला, पाय मावतील एवढा खड्डा केला आणि माग बसवला. खड्ड्यात पाय सोडले तेव्हा बाबा इतक्या दिवसांनी हसले. मला तर रडूच आलं.

आणि काय सांगू, ज्या हॉलसाठी सरकारला माणसं मिळाली नव्हती तो आपोआप भरू लागला. बाया तांदूळ निवडायला तिथं येत, म्हातारे पत्ते घेऊन येत, एक न्हावी खुर्ची टाकून बसू लागला. मी प्रमुख पाहुण्यांच्या गादीच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची आणि मायसोबत कांड्या भरायची. धोट्यात जी सुताची कांडी घालतात ती. कांडी संपली की बाबा स्टेजवरून नुसता हात पुढे करत.

मग डिसेंबर आला. डिसेंबरात अधिवेशनासाठी सगळं सरकार मुंबईहून नागपुरात येतं. इथली संत्री खातं, आणि तोंडी लावायला एखाददुसऱ्या गरीब वस्तीची पाहणी करतं. आमची पाळी आली. कॉलनीचा कारभार बघणारे सरकारी साहेब सकाळीच चुना मारायला माणसं घेऊन आले आणि स्टेज बघून त्यांचा चेहराच चुन्यासारखा झाला. ते बाबांना नको नको ते बोलले. तेवढ्यात मंत्र्यांची गाडी आली.

मंत्री आत आले. समोर स्टेजवर माग, मागावर बाबा, साडीचा काठ अर्धा विणलेला. मंत्र्यांना वाटलं, हे आपल्यासाठीच मांडलंय. ते म्हणाले, वा, असं जिवंत प्रात्यक्षिक सबंध महाराष्ट्रात पाहिलं नाही! साहेबांनी लगेच कमरेत वाकून ही कल्पना आपलीच असल्याचं सांगितलं. बाबांना हार मिळाला. आम्ही वेड्यासारख्या टाळ्या पिटल्या.

हार वाळायच्या आत मागाभोवती लोखंडी कठडा बसला. 'हात लावू नये' अशी पाटी आली. बकऱ्या, मिरच्या, न्हावी, म्हातारे, सगळे बाहेर, आणि दाराला कुलूप. बाबा साहेबांकडे गेले. साहेबांनी त्यांना बसायला खुर्चीसुद्धा दिली. म्हणाले, "तुमच्या मागाचं सोनं झालं. आता आणखी काय पाहिजे?"

"मले त्यावर बसू द्या," बाबा म्हणाले.

ते शक्य नव्हतं. रोज वापरला तर माग झिजेल, आणि आता तो कॉलनीची शान होता. आमच्या आज्यानं घडवलेला माग, आणि तो आमच्या बापापासून जपायचा! आजही हे सांगताना माझं डोकं फिरतं. शेटजीनं अर्ध्या साडीवर पाणी सोडलं आणि नवा ताणा द्यायचं बंद केलं. बाबा कोराडीच्या बसमध्ये चढले.

पुढच्या डिसेंबरात दुसरे पाहुणे येणार होते. नुसता माग बरा दिसेना, म्हणून साहेबांनी कामावरून सुट्टी काढवून बाबांना बोलावलं आणि धुतलेलं धोतर नेसायला लावलं. माय कांडी भरायला बसलीच नाही. बाबांनीही तिला सांगितलं नाही. नखात कोळसा असलेल्या हातानं त्यांनी रिकामा धोटा उचलला आणि फेकू लागले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पावड्या वाजत होत्या, फणी आपटत होती, कापड सूतभरही वाढत नव्हतं. पाहुणे कठड्याला रेलून कौतुकानं बघत राहिले. निघताना त्यांनी विचारलं की आपण पिढीजात हेच करता का?

"नाही साहेब," बाबा धोटा फेकत म्हणाले, "मी कोराडीले कोळसा ओढतो. आज इथं बसाले बोलावलं."

पाहुण्यांना तो विनोद वाटला. ते मोठ्यानं हसले, आणि साहेबांनी टाळ्या सुरू केल्या.